तो घटोत्कच नाही भो, फोटोशॉप आहे

एका फोटोची पोस्ट परत फिरायला लागलीय. उत्तर भारतातल्या वाळवंटात 80 फुटी माणसाचा सांगाडा सापडला, तो घटोत्कचाचा, नॅशनल जिओग्राफिकने खणला, मिलिटरीने एरिया सील केला, सरकार लपवतंय आणि म्हणून उत्क्रांती म्हणजे थोतांड. आपल्याकडे जळगाव जिल्ह्यात एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, भीमाने बकासुर पद्मालयाला मारला हे लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे पोस्टखाली लगेच "मंग बकासुर बी तेवढाच आसंन" चालू. पद्मालयाला मीपण हात जोडतो, त्याबद्दल वाद नाही, वाद फोटोचा आहे.

तर फोटो 2002 चा. वर्थ 1000 नावाच्या साइटवर फोटो एडिटिंगची स्पर्धा होती तिच्यासाठी एकाने बनवला. मूळ फोटो न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कचा, तिथे 2000 साली मॅस्टोडॉन, म्हणजे हत्तीसारखा एक नामशेष प्राणी, खणून काढत होते, त्या खड्ड्यात ह्या पठ्ठ्याने माणसाचा सांगाडा चिकटवला. नॅशनल जिओग्राफिकने 2007 मध्येच फोटो खोटा म्हणून सांगून टाकलं. आणि गंमत म्हणजे हाच फोटो सौदी अरेबियात सापडलेला, कुराणात उल्लेख असलेल्या 'आद' जमातीचा माणूस म्हणूनपण फिरतो, मजकूर जवळपास सेम, फक्त ग्रंथ बदलला!

आता 80 फूट. म्हणजे आपल्या साधारण 15 पट उंची, पण उंची 15 पट झाली की हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ 225 पट होतं आणि वजन 3375 पट, मग हाडाच्या तेवढ्याच छेदावर 15 पट लोड, उभं राहायचं कसं? रॉबर्ट वॅडलो, नोंद असलेला सगळ्यात उंच माणूस, 8 फूट 11 इंच, त्यालाच पायाला ब्रेस लावून चालावं लागायचं, 22 व्या वर्षी गेला बिचारा.

उत्क्रांती खोटी ठरते म्हणे. अरे, खरे जीवाश्म बघाल तर मागे जाल तसे आपले पूर्वज उलट बुटके निघतात. इथिओपियात 1974 ला सापडलेली लुसी, 32 लाख वर्षं जुनी, उंची जेमतेम साडेतीन फूट, डोकं चिंपांझीएवढं पण खुबा आणि गुडघा दोन पायांवर चालणाऱ्याचा. अशा हाडांवरून हा विषय उभा आहे, एका फोटोवरून नाही.

राहिलं लपवालपवीचं. सातपुड्यापलीकडे नर्मदाकाठी हथनोऱ्याला 1982 मध्ये जिऑलॉजिकल सर्व्हेच्या अरुण सोनाकियांना प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला, तो काही कोणी दाबला नाही, छापून आला आणि नेमकी कुठल्या मानव-प्रजातीची कवटी यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. आणि चाळीसगावजवळचं पाटणं तर आपलंच, पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळींनी तिथे उत्खनन केलं, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, कार्बन डेटिंगने साधारण 25 हजार वर्षांपूर्वीचे. चाळीसगावात शहामृग, विचार करा! मणी नखाएवढे, मधोमध भोक पाडलेले, आपल्याच मापाच्या बोटांनी केलेले. 80 फुटीवाल्याला ते चिमटीत दिसले पण नसते.