जिंकणारा कोच, दहा वर्षांचा करार आणि ‘कुणाच्या बापाचं काय जातं?’

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा हंगाम शेवटाकडे आला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. जिंकणाऱ्या कोचला वर्षाला 90 लाख डॉलर आणि दहा वर्षांची मुदतवाढ दिली तर बिघडलं कुठे? पैसा फुटबॉलच कमावतो, करदात्याचा त्यात छदामही नसतो. बाजारात भावच तो आहे. लांब करार दिला की कोच टिकतो, चांगली पोरं येतात, आणि नाहीच जमलं तर काढता येतंच की. तिकडे शिकलेली आपली मंडळीसुद्धा आपापल्या विद्यापीठाचा टी-शर्ट घालून हेच ऐकवतात.

पगाराच्या आकड्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. शनिवारी लाखभर माणसं स्टेडियममध्ये बसतात आणि टीव्हीवाले कोट्यवधी मोजतात, तर त्या धंद्यातल्या मुख्य माणसाला मोठा पगार मिळणारच. भांडण आहे ते हमीशी. कोच हरला तरी, हाकलला तरी, पूर्ण रक्कम देण्याचं वचन विद्यापीठ देऊन बसतं, आणि ते वचन बहुतेकदा एका चांगल्या हंगामाच्या धुंदीत दिलेलं असतं.

“पैसा फुटबॉलचा आहे, करदात्याचा नाही.”

मोजक्या विद्यापीठांपुरतं हे खरं आहे. कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या स्वतःच्या आकडेवारीनुसार 2019 साली तिच्या सुमारे 1,100 सदस्य संस्थांपैकी जेमतेम 25 ठिकाणी क्रीडा विभागाची कमाई खर्चापेक्षा जास्त होती. बाकीच्या ठिकाणी खड्डा भरला जातो तो विद्यापीठाच्या तिजोरीतून आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कातून. मैदानावर एकदाही पाऊल न ठेवणारा एमएसचा विद्यार्थीही अनेक ठिकाणी ते शुल्क भरतो.

बरं, त्या 25 श्रीमंतांचंच बोलू. त्यांचा पैसा तिकिटांतून, टीव्हीतून आणि देणगीदारांकडून येतो. विद्यापीठाला दिलेल्या देणगीवर देणगीदाराला प्राप्तिकरात वजावट मिळते. (सीझन तिकिटाच्या हक्कापोटी दिलेल्या देणगीवरची वजावट 2018 पासून बंद झाली, बाकीची चालू आहे.) म्हणजे सरकारी तिजोरीचा हात त्यात आडून का होईना, आहेच. शिवाय देणगीदार कितीही उदार असला तरी करारावर सही विद्यापीठाची असते. ऑक्टोबर 2025 मध्ये लुईझियाना स्टेट विद्यापीठाने फुटबॉल कोच ब्रायन केलींना काढलं तेव्हा सुमारे 5 कोटी 40 लाख डॉलर देणं निघत होतं. राज्याचे गव्हर्नर जेफ लँड्री जाहीरपणे या भांडणात उतरले, आणि त्यांची काळजी हीच होती की शेवटी हे बिल राज्यातल्या करदात्याच्या गळ्यात पडेल. करदात्याचा संबंधच नसता तर गव्हर्नरला त्यात पडायचं कारण काय होतं?

पेन स्टेटचं उदाहरण मला जास्त बोचतं. मे 2025 मध्ये तिथल्या विश्वस्तांनी विद्यार्थीसंख्या आणि पैशाचं कारण देऊन राज्यातली सात छोटी कॅम्पस 2027 च्या वसंत सत्रानंतर बंद करायचं ठरवलं. ऑक्टोबरमध्ये त्याच विद्यापीठाने फुटबॉल कोच जेम्स फ्रँकलिनना काढलं. देणं सुमारे 4 कोटी 90 लाख डॉलर. तिथले लोक सांगतात की क्रीडा विभागाचा हिशेब वेगळा आहे, आणि कागदावर तो आहेही. पण देणगीदार कुणाकडे वळवायचे आणि विद्यापीठाची पत कशावर लावायची, हे ठरवणारं मंडळ एकच आहे.

“बाजारभाव आहे, त्याला कोण काय करणार?”

बाजार म्हणायला तो मोकळा तरी हवा. कॉलेजने खेळाडूंना थेट मोबदला देण्यावर एनसीएएने कित्येक दशकं बंदी ठेवली. टीव्हीचा पैसा वाढत गेला आणि खेळाडूंचा भाव शिष्यवृत्तीपाशी बांधून ठेवला, मग उरलेला पैसा कोचच्या पगारात आणि आलिशान लॉकर रूममध्ये जिरला. 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर आता विद्यापीठं खेळाडूंना पैसे देऊ शकतात. त्याची पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा, सगळ्या खेळांतल्या सगळ्या खेळाडूंना मिळून, 2 कोटी 5 लाख डॉलर. ही रक्कम आणि एका हाकललेल्या कोचचं देणं शेजारी ठेवून बघा.

दुसरं म्हणजे बोली लावणारा स्वतःच्या खिशातून लावत नाही. अॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे क्रीडा विभागाचा प्रमुख, करार करतो, वाहवा मिळवतो, आणि देणं चुकवायची वेळ येईपर्यंत कित्येकदा दुसऱ्या विद्यापीठात गेलेला असतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. स्कॉट वुडवर्ड यांनी 2017 मध्ये टेक्सस ए अँड एमसाठी जिम्बो फिशरना दहा वर्षांच्या, साडेसात कोटींच्या पूर्ण हमीच्या करारावर आणलं. मग ते लुईझियाना स्टेटला गेले आणि तिथे केलींना दहा वर्षं, साडेनऊ कोटी दिले. केलींपाठोपाठ काही दिवसांतच त्यांनाही जावं लागलं. टेबलाच्या पलीकडे मात्र तीच ती माणसं. जिमी सेक्स्टन या एकाच एजंटकडे निक सेबन, कर्बी स्मार्ट, फिशर आणि लेन किफिन असे सगळे बडे कोच. कोणत्या विद्यापीठाची खुर्ची डळमळते आहे आणि कुणाला घाबरवता येईल, हे त्याला आधी कळतं.

“लांब करार दिला की कोच टिकतो.”

दाव्याचं हे कलम सगळ्यांत जास्त पटणारं आणि सगळ्यांत जास्त पोकळ. 2021 सालचा एकच शरद घ्या. सप्टेंबरमध्ये टेक्सस ए अँड एमने फिशरना 2031 पर्यंत मुदतवाढ दिली. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याभरात पेन स्टेटने फ्रँकलिनना, मिशिगन स्टेटने मेल टकरना आणि लुईझियाना स्टेटने केलींना दहा-दहा वर्षं दिली. चार करार, चारही दहा वर्षांचे. चौघांपैकी एकानेही नव्या कराराची चार वर्षं धड पूर्ण केली नाहीत, आणि चौघांनाही विद्यापीठांनीच काढलं.

टकर यांची गोष्ट मासलेवाईक आहे. 2021 च्या हंगामात मिशिगन स्टेटचा हिशेब 11-2, म्हणजे अकरा सामने जिंकले, दोन हरले. त्यातला मोठा वाटा केनेथ वॉकर या एका रनिंग बॅकचा, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूचा होता. तो वेक फॉरेस्ट विद्यापीठातून त्याच वर्षी आलेला. मिशिगनविरुद्ध त्याने एकट्याने पाच टचडाउन केले. लुईझियाना स्टेटची जागा रिकामी होती, टकर तिकडे जातील अशी कुजबुज सुरू झाली, आणि दोन धनाढ्य देणगीदारांच्या जोरावर साडेनऊ कोटींचा करार झाला. वॉकर एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेला. पुढच्या हंगामात संघ 5-7. विद्यापीठाने एका खेळाडूच्या एका वर्षाची किंमत दहा हप्त्यांत कबूल केली होती. पुढे लैंगिक छळाच्या आरोपांवरून टकरना काढलं गेलं आणि गैरवर्तनाचं कलम लागू झालं, म्हणून सुमारे आठ कोटींचं देणं थांबवता आलं. निव्वळ हरत राहिले असते तर ते द्यावं लागलं असतं.

चांगली पोरं येतात, हे मात्र खरं, फिशरकडे आलीच. 2022 ची त्यांची नवोदितांची तुकडी देशात पहिल्या क्रमांकाची ठरली होती. त्याच हंगामात संघ 5-7 झाला आणि त्या तुकडीतली कितीतरी पोरं दुसरीकडे निघून गेली. 2021 पासून खेळाडूला वर्षभर बाहेर न बसता एकदा विद्यापीठ बदलता येऊ लागलं. कोचचा 2031 पर्यंतचा करार बघून अठरा वर्षांचा मुलगा चार वर्षं थांबेल, हा हिशेबच जुना झाला.

आणि करार कोचला तरी बांधतो का? केलींनी 2021 मध्ये नोत्र दाम सोडलं तेव्हा संघ 11-1 होता आणि प्लेऑफची, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीची, आशा जिवंत होती. 2025 मध्ये किफिन मिसिसिपीचा प्लेऑफला निघालेला संघ सोडून लुईझियाना स्टेटला गेले, केलींच्याच खुर्चीवर.

इथे कुणीतरी कर्ट सिग्नेटींचं नाव घेणार. इंडियानासारख्या वर्षानुवर्षं हरणाऱ्या संघाला त्यांनी पहिल्याच हंगामात प्लेऑफला नेलं. त्यांना मोठा पगार मिळाला याचा मला आनंदच आहे. पण तारखा बघा. नोव्हेंबर 2024 मध्ये आठ वर्षांचा, 7 कोटी 20 लाखांचा करार. तो वर्षभरही टिकला नाही. पेन स्टेटची जागा रिकामी झाली, सिग्नेटी मूळचे पेनसिल्व्हेनियाचे, आणि चारच दिवसांत इंडियानाने सुमारे 9 कोटी 30 लाखांचा नवा करार पुढे केला. कोच जिंकला की करार फाडून नवा लिहायचा आणि हरला की जुन्याचं अक्षरन् अक्षर पाळायचं. आठ वर्षं विद्यापीठ बांधलेलं, कोच मोकळा.

“सेबन बघा की!”

बघितले. 2007 मध्ये अलाबामाने त्यांना आठ वर्षांसाठी 3 कोटी 20 लाख दिले तेव्हा लोक हबकले होते. त्यांनी तिथे सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. सेबन स्वस्तातच पडले, हे मान्य. पण सेबनच्या भावात घेतलेल्या बाकीच्यांचं काय झालं, ते वर आलंच आहे.

“नाही जमलं तर काढता येतं.”

येतं, पण किती पैशांत, हे कलमावर अवलंबून असतं. फ्रँकलिन पाच-सहा आठवड्यांत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात कोच म्हणून लागले. त्यांच्या करारात नव्या नोकरीची कमाई वजा करण्याची सोय होती, त्यामुळे पेन स्टेटचं देणं तडजोडीने सुमारे 90 लाखांवर आलं. फिशरच्या करारात तशी वजावट नव्हती. नोव्हेंबर 2023 मध्ये, मिसिसिपी स्टेटला 51-10 हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं. साडेसात कोटींहून जास्त देणं; 60 दिवसांत 1 कोटी 92 लाख, पुढे 2031 पर्यंत वर्षाला सुमारे 72 लाख. एका वाक्याचा फरक, आणि ते वाक्य वाटाघाटीत गाळलं जातं कारण त्या आठवड्यात सगळ्यांना फक्त कोच हातचा जाऊ नये एवढंच दिसत असतं.

हे काही आज सुरू झालं असंही नाही. 2005 मध्ये नोत्र दामने चार्ली वाइस यांना त्यांचा पहिलाच हंगाम अर्ध्यावर असताना दहा वर्षांची मुदतवाढ दिली आणि 2009 मध्ये काढलं. देणं होतं जवळजवळ 1 कोटी 90 लाख डॉलर, हप्ते 2015 पर्यंत चालले. 2012 मध्ये नोत्र दाम दुसऱ्याच कोचच्या हाताखाली राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचलं, वाइस कॅन्ससचे कोच झाले होते, आणि तरीही नोत्र दामचा हप्ता त्यांना जातच होता. 2014 मध्ये कॅन्ससनेही त्यांना काढलं. तिथून आणखी 56 लाख येणं होतं.