शिनोळीची राज्य-सीमा ओलांडली म्हणून नियम बदलत नाही

बेळगाव-खानापूरच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर फिरतोय: "कोल्हापुरात रात्री गाडीचा अलार्म वाजला की जागेवर दंड. कर्नाटकात असा नियमच नाही. एमएच पासिंगच्या गाडीला तर इथले पोलीस हात लावू शकत नाहीत. पाच मिनिटांत मालक आला नाही तर काच फोडून बॅटरी काढायचा हक्क शेजाऱ्यांना आहे." चार वाक्यं, चारही चुकीची.

कर्नाटकात नियम नाही म्हणे! ध्वनिप्रदूषण नियम, 2000 हे केंद्राचे आहेत, 1986 च्या पर्यावरण कायद्याखालचे. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्र म्हणजे 10 ते 6. कर्नाटकातल्या निपाणीत हेच आणि महाराष्ट्रातल्या कागलातही हेच. 2010 पासून निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायलाही बंदी आहे, सार्वजनिक आणीबाणी सोडून. अलार्मचं नाव मात्र त्यात कुठंच नाही. अलार्म गाडीच्याच हॉर्नला जोडलेला असेल तर माझ्या मते तो यात बसतो. वेगळा सायरन असेल तर वाद घालायला जागा आहे.

आता 'जागेवर दंड'. तसं होत नाही, आधी तक्रार लागते. 45 हा आकडा काही वेळाची सरासरी आहे, एका किंकाळीचं माप नव्हे. मर्यादेपेक्षा आवाज 10 डेसिबल किंवा जास्त असेल, किंवा रात्रीची बंदी मोडली असेल, तर तक्रार करता येते. ती ऐकायची कुणी? जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त, किंवा सरकारनं नेमलेला, पोलीस उपअधीक्षकाहून खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी. रात्री एक वाजता तेवढं कोण शोधतंय! 112 फिरवा, तो नंबर दोन्ही राज्यांत चालतो.

नंबरप्लेटचा मुद्दा तर हास्यास्पदच. आवाज जिथं झाला तिथले पोलीस बघणार, पासिंग कुठलंही असो. आणि काच फोडलीत तर गुन्हा तुमच्यावर.

हे सगळं मला गेल्या पावसाळ्यात कळलं. बेळगावात टिळकवाडीत आमच्या बोळात एमएच-09 ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची, गाडी रात्री साडेबाराला वाजायला लागली. आधी पोलीस गाडीसारखी, मग ॲम्ब्युलन्ससारखी, मग पक्षी चिवचिवल्यासारखी. थांबायची, आणि एखादा ट्रक गेला की पुन्हा पहिल्यापासून. समोरचे काका लुंगी सावरत गॅलरीत: "कवापासून वरडालंय बघा हे! कुणाची ओ गाडी?" कुणालाच माहीत नाही. शेवटी तिसऱ्या घरातले पाहुणे डोळे चोळत आले. चावीचं बटण दाबलं, गप्प. वीस मिनिटांनी परत सुरू. मग काका छत्री घेऊन खाली उतरले आणि स्वतः बॉनेटला हात लावून बघायला लागले, त्यामुळे ती आणखी जोरात.

कंपनीचा नसलेल्या, नंतर दुकानातून बसवून घेतलेल्या अलार्मला बहुधा शॉक सेन्सर असतो. तो धक्का ओळखतो, पण चोराचा की ढगाच्या गडगडाटाचा, हे त्याला कळत नाही. गणपतीत डॉल्बीची मिरवणूक गेली की अख्ख्या गल्लीतल्या गाड्या एकदम का कोकलतात, ते यातून समजेल.

सकाळी मेकॅनिक आला. डॅशबोर्डखालची सेन्सरची काडेपेटीएवढी डबी ओढून काढली, बारक्या स्क्रूड्रायव्हरनं स्क्रू अर्धा फेरा मागं फिरवला आणि टायरवर लाथ घातली. काहीच नाही. मग काच जोरात ठोकली, तेव्हा वाजली. "आत्ता बराबर," म्हणाला, आणि पाहुण्यांकडून शंभर रुपये घेऊन गेला.