फ्रीझरच्या आधी पराग वाळवा

फुलांचा पराग नंतर वापरायला कसा साठवायचा, त्या लेखात पराग काढून सरळ फ्रीझरमध्ये ठेवा असं लिहिलंय, पण वाळवायचं राहूनच गेलं ना, आणि खरी गोष्ट तीच आहे. ओला पराग गोठला की आतल्या पाण्याचे बर्फाचे कण होतात आणि पेशी फाटते, मग कितीही थंड ठेवा, उपयोग नाही. आमच्याकडे नागपूरला ड्रॅगन फ्रूटला फुलं येतात नेमकी पावसाळ्यात, हवा एवढी दमट की उघडा ठेवलेला पराग सकाळपर्यंत चिकट गोळा होतो. लाल गराच्या काही जाती स्वतःच्या परागावर फळ धरत नाहीत म्हणून मी पांढऱ्याचा पराग रात्री ब्रशने काढते, कागदावर पातळ पसरते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलवर (ओल शोषणारे दाणे) ठेवते, निळे दाणे गुलाबी झाले की बदलते. पाणी ५ ते १० टक्क्यांवर आलं पाहिजे, बोटावर पीठासारखा सुटा लागतो तेव्हा. मग छोट्या बाटलीत भरून फ्रीझरमध्ये.

आणि प्लीज, बाटली बाहेर काढल्या काढल्या उघडू नका, थंड परागावर लगेच दव धरतं, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या! मागच्या वर्षी घाईत माझी अख्खी बाटली अशीच गेली, फार जीवाला लागलं.

मक्याला मात्र हे चालत नाही हं, गवतवर्गातला बहुतेक पराग असा वाळवला की मरतो.