वेगासचा धयकालो

एप्रिलात न्यूयॉर्कच्या घड्याळात संध्याकाळचे सात वाजले की आमच्या देवगडात पहाटेचे साडेचार होतात. रेसलमेनिया, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कंपनीचा कुस्तीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम, साधारण त्याच सुमाराला सुरू होतो. अमेरिकेतला माणूस आंघोळ करून, चिप्सची पिशवी फोडून, पाय पसरून बसतो. इथे एप्रिल महिना, पडवीत पेंढा पसरलेला, रिकाम्या पेट्यांची उतरंड छपरापर्यंत गेलेली आणि गडी आंबे उतरवायच्या घळी घेऊन अंगणात हजर. आंबा उन्हाच्या आधी काढायचा असतो, त्यामुळे जगात ज्या दोन गोष्टी पहाटेच व्हायला हव्यात त्या दोन्ही माझ्याच घरात एकमेकींना भिडतात.

पहिला रेसलमेनिया ३१ मार्च १९८५ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला. तेव्हापासून या लोकांनी मार्च-एप्रिल सोडलेला नाही. आयोजकांपैकी एकाच्या जरी नावावर आंब्याची दहा कलमं असती, तरी हा कार्यक्रम केव्हाच दिवाळीनंतर गेला असता.

आमचे बाबा या सगळ्या प्रकाराला एकाच शब्दात निकालात काढतात. ‘खोटा.’ पडवीतून टीव्हीकडे पाठ करून बसायचं, आंब्याला हात लावून त्याचं वजन ओळखायचं आणि आतून धप्प असा आवाज आला की न वळता म्हणायचं, ‘खोटा सगळा. काय लागाक नाय तेका.’

याला माझं उत्तर असं की, होय, ठरवलेलंच असतं. हे काही माझं संशोधन नाही. १९८९ मध्ये कंपनीच्याच लोकांनी न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगितलं की ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. खेळ म्हटलं की क्रीडा आयोगाचे परवाने आणि कर मागे लागतात, त्यातून सुटायचं होतं. कर वाचवण्यासाठी माणसाने खरं बोलल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. पण रिंगच्या कापडाखाली पातळसा फोम, त्याखाली लाकडी फळ्या आणि त्याखाली लोखंड असतं. निकाल ठरलेला असला तरी पाठ खरीच आपटते. जून १९९८ मध्ये मिक फोली हा पैलवान पिट्सबर्गला सोळा फुटी पिंजऱ्यावरून खाली टेबलावर पडला, उठला, परत वर चढला आणि या वेळी पिंजऱ्याच्या छतातूनच खाली रिंगमध्ये कोसळला. तो प्रसंग मी बाबांना मोबाईलवर मुद्दाम दाखवला. ते शांतपणे बघत राहिले. मग म्हणाले, ‘सोळा फूट? आमचो बाळगो कलमावरसून पडलो तो पंचवीस फूट होतो. तेका कोणी पट्टो दिल्यान?’

आणि हाच माणूस जत्रेत दशावताराला रात्रभर बसतो. बसतो म्हणजे हलत नाही. मध्यरात्री गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, संकासुर येऊन धिंगाणा घालतो, मग आख्यान उभं राहतं ते उजाडून दहीकाला होईपर्यंत. लिहिलेली संहिता नाही. पेटारा उघडायचा, आपलं तोंड आपण रंगवायचं, कोण राजा, कोण राक्षस, कोण कोणाला मारणार एवढं ठरवायचं आणि बाकी सगळं रंगमंचावर उभं राहून बोलायचं. राक्षस मरणार हे पोराटोरांना माहीत असतं. तरी युद्धाला पखवाज आणि झांज चढली की बाबा पुढे सरकतात. सकाळी तोच राक्षस अर्धा रंग पुसून एसटी स्टँडवर चहात बटर बुडवत असतो. बाबा त्याच्याजवळ जाऊन म्हणतात, ‘काय मेलंस रे काल! वा!’ एकदाही ‘खोटा’ म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.

कुस्तीतल्या या कारभाराचं मला आवडतं ते नेमकं हेच. कोण जिंकणार यात मजा नाही, कसा जिंकला यात आहे. २०१४ साली न्यू ऑर्लिन्सला ब्रॉक लेस्नरने अंडरटेकरला पाडलं आणि त्याची रेसलमेनियातल्या एकवीस विजयांची माळ तुटली, तेव्हा आमच्या वाडीत सुतकच आलं. ज्याला सात जन्म आहेत असं आम्ही शाळेत एकमेकांना शपथेवर सांगितलं होतं, तो माणूस पंचाने तीन मोजेपर्यंत संपला. वाईट वाटलं, पण संपवलं मात्र नीट. स्टेडियमभर माणसं तोंड उघडी टाकून उभी. त्याला म्हणतात आख्यान.

आता २०२५ च्या लास व्हेगासकडे येऊ, कारण माझा राग तिथे आहे.

दोन रात्रींचा कार्यक्रम. आमच्या हिशेबाने रविवार आणि सोमवारची पहाट. पहिल्या रात्रीबद्दल माझी तक्रार नाही. जे उसोने गुंथरला हरवलं, ते चालून गेलं. शेवटची तिहेरी लढत मात्र फक्कड: सेथ रोलिन्स, रोमन रेन्स आणि सीएम पंक. बाहेर पॉल हेमन, जो रेन्सचा सल्लागार आणि पंकला दिलेल्या शब्दात अडकलेला. त्याने आधी पंकला आणि मग रेन्सला, दोघांनाही खाली फटका हाणून रोलिन्सला जिंकवलं. कोणाचंही काही न लपवता सगळ्यांना फसवणं याला कसब लागतं. पडवीत आंबे निवडण्याचा आवाज बराच वेळ थांबला होता, एवढी नोंद करून ठेवतो.

दुसऱ्या पहाटे लाईट गेली. तीही ईयो स्काय, बियांका बेलेअर आणि रिया रिपली यांच्या लढतीत. दोन्ही रात्रींत मिळून सगळ्यात देखणी लढत तीच. लाईट गेली की वायफाय मरतं आणि मोबाईलची रेंज आमच्याकडे एकाच जागी येते, चिऱ्यांच्या गडग्यावर, फणसाच्या बाजूला. तिथे उकिडवं बसून मी ती लढत बघितली. म्हणजे ईयोने दोरावरून उडी घेतलेली बघितली, मग गोल फिरणारं चाक बघितलं, मग ती विजेतेपदाचा पट्टा घेऊन उभी असलेली बघितली. मधल्या काळात डोंबिवलीच्या आतेभावाचा व्हॉट्सअ‍ॅप: ‘बघितलंस का?’ मुंबईतल्या नातेवाईकाला लाईट जाणं ही गोष्टच समजत नाही. शेजारचे काका विहिरीकडे जाताना थांबले, मला गडग्यावर बघून म्हणाले, ‘माकडा राखतंस?’ मी हो म्हणालो. ते सोपं होतं.

आठाच्या सुमाराला लाईट आली आणि मुख्य लढत सुरू झाली, तेव्हा आजी पेजेचं वाडगं घेऊन येऊन बसली. तिला पार्श्वभूमी सांगितली. कोडी ऱ्होड्स हा विजेता, चांगला माणूस. जॉन सीना हा आयुष्यभर चांगला, पण निवृत्तीच्या वर्षात वाईट झाला. आजी म्हणाली, ‘म्हातारपणी होता तसा.’ तो वाईट कसा झाला, तर १ मार्चला टोरोंटोत रॉक नावाच्या बड्या असामीने कोडीकडे त्याचा आत्मा मागितला, कोडीने दिला नाही, तेव्हा रॉकच्या इशाऱ्यावर सीनाने मिठी मारता मारता कोडीला बडवलं. आजीला हे फार पटलं. आत्मा मागणारा राजा तिच्या ओळखीचा आहे. तिने वाडगं खाली ठेवलं.

लढत मंद. सीना सतराव्यांदा विजेता होणार, रिक फ्लेअरचा सोळाचा विक्रम मोडणार, हे जगाला माहीत. हरकत नाही, आपण ‘कसा’साठी बसलोय. रॉक येईल. आत्म्याचा हिशेब होईल. पंच आडवा पडला, गाणं वाजलं, आणि आला कोण, तर ट्रॅव्हिस स्कॉट. गायक. त्याने मधे लुडबुड केली, कोडीने त्यालाही आपटलं, तेवढ्यात सीनाने खालच्या अंगाला फटका मारून पट्टा डोक्यात घातला आणि झालं. रॉक आलाच नाही. ना त्या रात्री, ना आदल्या.

आजी पडद्याकडे बघत राहिली. ‘ह्यो कोण?’

‘गाणी म्हणतो.’

‘मगे म्हणू दी. आख्यानात ह्येचा काय काम? आणि तो राजा खंय गेलो?’

अमेरिकेतल्या समीक्षकांनी पुढे पानंच्या पानं लिहिली, पण आजीच्या या दोन प्रश्नांपलीकडे कोणी गेलं नाही. दशावतारात असं झालं असतं तर मंडळीला पुढच्या वर्षी मांडावर पाऊल टाकता आलं नसतं. ज्याने युद्ध लावलं त्याला युद्धात उतरावं लागतं. तो नट आजारी पडला तर दुसरा त्याचा मुकुट चढवून उभा राहतो, पण पात्र हजर असतं. इथे कोट्यवधी डॉलर, स्टेडियमभर प्रेक्षक आणि वळणाच्या जागी पाहुणा गायक. मी चिडून टीव्ही बंद केला.

बाहेर वाशीचा टेम्पो लागला होता. निम्म्या पेट्या अजून उघड्या. ड्रायव्हर तरुण होता, तोही मोबाईलवर निकाल वाचत होता. ‘सीना जिंकलो ना?’ त्याने मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा पेटीवर खिळा ठोकता ठोकता म्हणाले, ‘ता सोड. आज सगळा नासलेला. कालचा तू बगूक होया होतंस. तो जाडो टकलो आसा ना, सूटवालो? शकुनीमामाच तो. तेका आधीच ठावक होता कोणाच्या बाजून जावचा ता. पंकाकडे बगल्यान कसो, तेव्हाच माका कळला...’

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि हौद्याच्या कडेला टेकून ऐकायला लागला. गाडी साडेनऊला सुटली.