"माझ्या कॉम्प्युटरात चोरण्यासारखं आहेच काय?" यावरून कट्ट्यावर झालेली वादावादी

"अरे चार फोटो आणि पोरांचे प्रोजेक्ट, एवढंच आहे माझ्या लॅपटॉपमध्ये. हॅकरला काय काम नाही का दुसरं?" पक्या हे बोलला आणि अख्खी संध्याकाळ त्यावरच गेली. लिहून काढतोय कारण हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की मला वाटतं बाकीचा सगळा आळस तिथूनच सुरू होतो.

दिप्या कॉम्प्युटर रिपेअरिंगमधला, तो लगेच उसळला. "तुला कोण शोधतंय? तुझं नावगाव कुणाला माहीतच नाही आणि माहीत असायची गरज पण नाही. प्रोग्रॅम सोडलेले असतात, ते इंटरनेटवर एकेक मशीन चाचपत जातात, जिथे फट सापडली तिथे घुसतात. समोर बँक आहे का तुझा लॅपटॉप, त्यांना फरक पडत नाही."

मग वॉनाक्राय नावाच्या व्हायरसचा विषय निघाला. 12 मे 2017, आठवत असेल बऱ्याच जणांना, एका दिवसात जगभर मशीन्स लॉक झाली, ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांना पेशंटच्या अपॉइंटमेंटा रद्द कराव्या लागल्या. आणि ज्या फटीतून ते घुसलं ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिलेलं होतं, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी ते टाकलं ते वाचले. आणि त्याने चोरलं काहीच नाही, फायली तिथेच राहिल्या, फक्त कुलूप लागलं आणि उघडायचे पैसे मागितले. पक्याच्या फोटोंना बाजारात किंमत नसेल पण पक्याला आहे ना, धंदा त्याच्यावरच चालतो.

पक्या जरा नरमला पण म्हणाला अपडेट केलं की मशीन अडकतं, नको तेव्हा रीस्टार्ट मागतं. ही तक्रार खरी आहे, मी नाकारत नाही, पण त्यावर उपाय अपडेट बंद करणं नाही, रात्री झोपताना लावून ठेवायचं. सुमीने मध्येच विचारलं, "माझं विंडोज 10 आहे, मस्त चालतंय की." चालेल गं, पण त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. जास्तीच्या सिक्युरिटी अपडेटसाठी वेगळी नोंदणी केली नसशील तर त्यानंतर जी काही भोकं सापडतील ती तुझ्या मशीनवर उघडीच राहणार, आणि मशीन बंद पडत नाही म्हणून ते जाणवत पण नाही.

बॅकअपवर फार वाद झाला नाही. फक्त दिप्याने एक गोष्ट दोनदा सांगितली ती महत्त्वाची आहे: बॅकअपची हार्ड डिस्क कायम जोडून ठेवू नका, कारण असला व्हायरस आला की जोडलेली डिस्क पण लॉक करतो. कॉपी झाली की काढून ठेवायची. आणि अधूनमधून त्यातली एखादी फाईल उघडून बघायची, उघडते तरी का.

खरी जुंपली ती पासवर्डवर.

मास्तर म्हणाले, "माझा पासवर्ड सोळा अक्षरी आहे, त्यात आकडे, चिन्हं सगळं. कुणाला सात जन्मात ओळखू येणार नाही. तोच सगळीकडे वापरतो आणि दर तीन महिन्यांनी शेवटचा आकडा बदलतो."

"मास्तर, तुमचा पासवर्ड ओळखायची गरजच नाही," दिप्या म्हणाला. "तुम्ही तो ज्या ज्या साइटला दिलाय त्यातली एक फुटली, म्हणजे तिथली माहिती चोरीला गेली, आणि त्यांनी तो नीट जपला नसेल की संपलं." लिंक्डइन, ती नोकरी-धंद्याच्या ओळखींची साइट, 2012 मध्ये फुटली होती. आधी वाटलं साठ-पासष्ट लाख पासवर्ड गेले, मग 2016 मध्ये 11 कोटी 70 लाख ईमेल-पासवर्डच्या जोड्या विकायला आल्या. अशा याद्या घेऊन लोक प्रोग्रॅम लावतात, तीच जोडी दुसऱ्या शंभर साइटवर चालवून बघतात, जिथे दार उघडलं तिथे आत. इंटरनेटवर फायली ठेवायची सोय देणाऱ्या ड्रॉपबॉक्सची 2012 ची भानगड अशीच, त्यांच्याच एका कर्मचाऱ्याने दुसरीकडचा पासवर्ड कामाच्या खात्याला पण ठेवला होता. म्हणजे सोळा अक्षरं असोत का साठ, एकच सगळीकडे असेल तर तो सगळ्यात ढिसाळ साइटइतकाच मजबूत.

आणि ते दर तीन महिन्यांनी बदलायचं, ते पण सोडा म्हटलं मास्तरांना. अमेरिकेतली निस्ट नावाची संस्था याचे नियम काढते, त्यांनीच 2017 मध्ये सांगितलं की उगाच ठराविक मुदतीने बदलायला लावू नका, फुटल्याचं कळलं तर बदला. कारण सक्ती केली की माणसं हेच करतात, शेवटचा आकडा एकने वाढवतात.

"मग एवढे वेगवेगळे पासवर्ड माझ्या डोक्यात राहणार कसे?" मास्तरांचा प्रश्न बरोबर होता. दिप्या म्हणाला पासवर्ड मॅनेजर घ्या, एकच मोठा पासवर्ड पाठ करायचा, बाकी सगळे तो बनवतो आणि तोच भरतो. तर पक्याने लगेच लास्टपास नावाच्या मॅनेजरचा विषय काढला. "2022 ला तेच फुटलं ना? लोकांच्या अख्ख्या तिजोऱ्या नेल्या की उचलून!" नेल्या, खरंय. पण तिजोऱ्यांमधले पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, म्हणजे मुख्य पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, त्यामुळे ज्यांचा मुख्य पासवर्ड लांबलचक आणि दुसरीकडे कुठेच न वापरलेला त्यांचं उघडणं अवघड, आणि ज्यांनी तिथेही छोटासा ठेवला होता त्यांच्या जिवाला घोर लागला. मुख्य पासवर्डसाठी चार-पाच एकमेकांशी संबंध नसलेले शब्द एखाद्या यादीतून फासे टाकून निवडा, लांब पण होतो आणि पाठ पण होतो.

तेवढ्यात सुमी हळूच म्हणाली, "मी वहीत लिहून ठेवते सगळे." दिप्या ओरडलाच, "वहीत? अगं काय!"

इथे मी पूर्णपणे सुमीच्या बाजूने आहे आणि तिथे पण मोठ्याने बोललो. घरच्या माणसासाठी कपाटातली वही वाईट अजिबात नाही. दूर देशात बसलेला माणूस तुमचं कपाट उघडू शकत नाही. ज्या घरात आपल्याच माणसांपासून धोका आहे तिथे वही नको, ऑफिसच्या टेबलावर नको, फोटो काढून फोनमध्ये तर नकोच नको. पण मॅनेजर जमत नाही म्हणून एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यापेक्षा वही हजारपटीने बरी. आपण जाणकार लोक ज्येष्ठांना हसतो आणि मग ते लिहिणं सोडून सगळीकडे मुलाचं नाव ठेवतात, हे नुकसान आपण करतो.

दिप्याने शेवटी वही मान्य केली, पण एक मुद्दा सोडला नाही आणि तो मला पण पटला. खोटी साइट हुबेहूब खऱ्यासारखी बनवलेली असते, माणूस फसतो आणि वहीत बघून पासवर्ड टाकून मोकळा होतो. मॅनेजर साइटचा पत्ता बघतो, एक अक्षर वेगळं असलं तरी आपोआप भरत नाही. त्यामुळे नेहमी भरणारा मॅनेजर आज गप्प का बसलाय असं झालं की आधी पत्ता वाचायचा. आणि पत्त्याशेजारचं कुलूप बघून निर्धास्त व्हायचं नाही, त्याचा अर्थ फक्त मधल्या रस्त्यावर कोणी वाचू शकत नाही एवढाच, खोट्या साइटला पण ते मिळतं. लोक चुकीचा अर्थ घेतात म्हणून क्रोमने 2023 मध्ये ते चित्रच काढून टाकलं.

सुरुवात कुठून करायची असं मास्तरांनी विचारलं तेव्हा मात्र आमचं एकमत झालं, ईमेलपासून. कारण बाकी सगळ्या खात्यांचं "पासवर्ड विसरलात का" तिथेच येतं, ते गेलं की मागोमाग सगळं जातं. त्याचा पासवर्ड वेगळाच हवा आणि टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणं, चालू हवं. एसएमएसपेक्षा अॅपवरचा कोड चांगला, कारण फसवून तुमचा नंबर दुसऱ्या सिमवर घेणारे लोक असतात, पण अॅप जमत नसेल तर एसएमएस तरी लावाच. आणि टू-स्टेप लावताना देतात ते रिकव्हरी कोड कागदावर उतरवा, फोन हरवला तर तेच कामाला येतात.

निघता निघता सुमीने सांगितलं की तिच्या ओळखीत एकांच्या स्क्रीनवर भोंगा वाजून मोठी वॉर्निंग आली, "व्हायरस सापडलाय, या नंबरवर फोन करा", आणि त्यांनी केला. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या वॉर्निंगमध्ये फोन नंबर कधीच नसतो. ते ब्राउझरचं पान असतं, बंद करायचं, होत नसेल तर मशीन बंद करायचं. पक्या म्हणाला, "आणि फोन करून त्यांना मशीन चालवायला दिलंच असेल तर?" तर आधी इंटरनेट तोडा, मग दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून पहिल्यांदा ईमेलचा पासवर्ड बदला, बँकेला स्वतःच्या पासबुकावरच्या किंवा कार्डावरच्या नंबरवर फोन करा, आणि त्यांनी काय काय टाकलंय ते जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय त्या मशीनवर परत कुठलाही पासवर्ड टाइप करू नका.