गोष्टीतलं मांजर उठसूट म्यांव का करतं?

गेल्या आठवड्यात लेकीला गोष्ट वाचून दाखवत होते. चित्रात मांजर दबा धरून बसलेलं, पुढ्यात उंदीर, आणि वर ठसठशीत अक्षरांत "म्यांव!" लेक साडेचार वर्षांची. म्हणाली, "आई, म्यांव केलं तर उंदीर पळून जाईल ना गं?"

जाईलच की! टपून बसलेलं मांजर चकार आवाज काढत नाही. पक्षी दिसतोय पण मध्ये खिडकीची काच आहे, असं असलं तर काही मांजरं दात वाजल्यासारखं कटकटकट करतात. आमची मनी करते, तेव्हा तिची हनुवटी थरथरत असते. हा आवाज मी लहान मुलांच्या एकाही पुस्तकात वाचलेला नाही.

आणि म्यांव म्हणजे तरी काय? पिल्लं आईला हाक मारतात ती. मोठी झालेली मांजरं आपापसात क्वचितच म्यांव करतात, माणसाशी मात्र जन्मभर करतात. आईला मारायची हाक त्यांनी आपल्यासाठी राखून ठेवली आहे. मला हे फार मोठं वाटतं. आणि गोष्टींत मात्र दोन बोके कट्ट्यावर बसून एकमेकांशी म्यांव म्यांव करत गप्पा मारतात!

मिल्ड्रेड मोएल्क या अभ्यासिकेने 1944 साली मांजराच्या आवाजांचे 16 प्रकार नोंदवले होते. तोंड मिटून काढलेले, उघडलेलं तोंड मिटत नेत काढलेले (म्यांव यातलाच) आणि तोंड ताणून उघडं ठेवून काढलेले, अशी त्यांची विभागणी. सोळांतले चार तरी मुलांपर्यंत पोचू देत. शब्द शोधायलाही लांब जायला नको. घुरघुरणं, गुरगुरणं, फिस्कारणं, सगळं मराठीत आहे. कान मागे पाडून फिस्कारणारं मांजर "जवळ येऊ नकोस" म्हणतंय, हे मुलाला गोष्टीतूनच कळलं तर कितीतरी ओरखडे वाचतील.

घुरघुरीबद्दल तर मला पोटतिडकीने सांगायचंय. पुस्तकात मांजर घुरघुरलंच तर ते खूश असतं. आमचं आधीचं मांजर शेवटच्या आजारपणात माझ्या मांडीवर घुरघुरत होतं, आणि त्याला बरं वाटतंय असं समजून मी डॉक्टरांकडे न्यायला एक दिवस उशीर केला. दुखत असताना, पिल्लं होतानाही मांजर घुरघुरतं, हे मला नंतर कळलं. लहानपणी एखाद्या गोष्टीत भेटलं असतं तर?

घुरघुरीतही प्रकार आहेत. कॅरेन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवून दिलं की, खायला मागताना काही मांजरं घुरघुरीत एक बारीक, उंच सूर मिसळतात. तान्ह्या बाळाच्या रडण्याशी मिळताजुळता. ज्यांनी कधी मांजर पाळलं नव्हतं त्यांनाही ती घुरघुर निकडीची वाटली. पहाटे उशाशी येऊन मनी घुरघुरते आणि मला उठावंच लागतं, ते यामुळेच असणार. यावर केवढी सुंदर गोष्ट होईल! कुणीतरी लिहा ना.

ते उंदराचं पान आता मी वाचतच नाही. पान आलं की लेक माझ्या तोंडावर हात ठेवते, स्वतः श्वास रोखून धरते आणि हळूच पान उलटते.