पाच झाले म्हणे, आता लेकरू बापाचं!

खर्रा घोटता घोटता माणसाला कायदा येतो, हे आमच्या गावच्या पानठेल्यावर कळतं. फेरफार असो, पीकविमा असो की कुणाची फारकत असो, कोर्टाच्या आधी तिथं निकाल लागलेला असतो. त्यातल्याच एका निकालापायी माझ्या मायनं दोन वर्षं धड झोप घेतली नाही. म्हणून लिहून काढतो राजेहो, नाहीतर कुणाच्या तरी कानफटात बसेल माझ्या हातची.

निकाल असा : "पाच वर्षांपर्यंत लेकरू मायचं, पाच झाले का बापाचं. कायदाच हाय तसा."

बहीण तीन वर्षांच्या पोराला घेऊन माहेरी आली. कारणं होती, ती चावडीवर मांडायची नाहीत. तेव्हापासून माय दिवस मोजत बसली. पोराचा पाचवा वाढदिवस आम्ही केलाच नाही. शेजारणीनं विचारलं तर माय धडधडीत खोटं बोलली, "पुढच्या महिन्यात हाय." स्वतःच्या नातवाचा वाढदिवस लपवायची पाळी आणली या पानठेल्यावाल्यांनी.

तरी ते आलेच. नेमके तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. मारुतीच्या पारापाशी पोट्टे लाकडी नंदी घेऊन रांगेत उभे, आमचं पोरगं बोजाऱ्याची, म्हणजे खाऊ-पैशांची, वाट पाहतंय, अन् काळीपिवळीतून जावई उतरले, मागून त्यांचा मोठा भाऊ अन् गावातले दोन समजदार. "पाच झाले ना आता? सोडा पोराले." मी काय केलं? मी, बी.ए. झालेला माणूस, खाली मान घालून उभा. मलाही तेच खरं वाटत होतं ना! बहिणीनं मात्र पोराला नंदीसकट उचललं, घरात नेलं अन् आतून कडी लावली. धावपळीत नंदीचं एक चाक रस्त्यात पडलं. जाताना त्यातल्या एका समजदारानं ते उचलून आमच्या ओट्यावर ठेवलं, वर म्हणतो, "आज ना उद्या द्याच लागन."

दुसऱ्या दिवशी तालुक्याला विधी सेवा समितीत गेलो. बाईमाणसाला उत्पन्न न पाहता सरकारी खर्चानं वकील मिळतो, ही १९८७ च्या कायद्यातली सोय. १५१०० वर फोन केला तरी रस्ता सांगतात. हे काहून कुणी पानठेल्यावर सांगत नाही?

वकील मॅडमनी १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा उघडला. कलम ६. पाच वर्षांखालचं मूल 'सर्वसाधारणपणे' आईजवळ असावं, एवढंच त्यात आहे. पाच पूर्ण झाले की बापाच्या हवाली करा, असं एक अक्षर नाही! कलम १३ तर सरळ म्हणतं, लेकराचं हित सगळ्यात वर. १८९० च्या पालक कायद्यात तेच : कोर्ट लेकराचं वय पाहतं, सांभाळणाऱ्याची वागणूक अन् ऐपत पाहतं, अन् लेकराला समज असेल तर त्याचंही ऐकतं. शिवाय लेकरू नेहमी जिथं राहतं तिथल्या जिल्हा कोर्टात अर्ज करायचा. म्हणजे त्यांनी नदी ओलांडून यायचं ते अर्ज घेऊन, काळीपिवळी घेऊन नाही. मॅडम वाचत होत्या अन् माझे कान तापत होते. दोन वर्षं! पारावर पोथी सांगावी तसं खोटं सांगत होते हे लोक, अन् आम्ही ऐकत होतो.

मधे एक बॉण्डपेपरही येऊन गेला होता. पहिले शंभराचा असायचा, आता पाचशेचा, तेवढीच प्रगती. त्यावर फारकत अन् लेकराचा ताबा, दोन्ही एकाच पानावर, खाली पंचांच्या सह्यांची जागा. अशा कागदानं फारकत होत नाही, त्यासाठी कोर्टच लागतं. जातीतल्या जुन्या रूढीनं होते म्हणावं तर ती रूढी सिद्ध करत बसा. अन् लेकराच्या ताब्याबद्दल पंचांनी काहीही लिहिलं तरी कोर्टाला ते बांधत नाही. बहिणीनं सही केली नाही म्हणून वाचलो.

शाळेचं तर विचारूच नका. पहिलीच्या दाखल्याला म्हणे बापाची सही आणा. आई जिवंत समोर उभी आहे ना! बाप हयात असला तरी लेकराचा कारभार आईच पाहत असेल तर तीही पालक ठरू शकते, हे सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्येच गीता हरिहरन खटल्यात सांगून ठेवलंय. पण टेबलामागच्या माणसाला तो खटला माहीत नाही, अन् त्याला सही पाहिजे.

आता आमचंही सांगतो, लपवत नाही. आम्ही दोन वर्षं बापाला पोराचं तोंड पाहू दिलं नाही. फोन बंद, दार बंद. माय म्हणायची, "पैसे देत नाही तं भेट कायची?" मलाही पटायचं. मॅडम आमच्यावरच उखडल्या. पोटगी हा लेकराचा हक्क, बापाची भेट हाही लेकराचाच हक्क. एकाचं दुसऱ्यात वळतं करायला हा काय किराण्याचा उधार आहे? कोर्टात तुमचीच चूक दिसेल म्हणाल्या. बोलता आलं नाही मला.

आता जावयांनी रीतसर अर्ज केलाय. तारखा चालू आहेत. ऐन कापसाच्या वेचणीत तारीख लागते, सकाळची सातची बस गाठायची, बाईमाणसाची मजुरी बुडते अन् तिथं कळतं की साहेब रजेवर. तोवर महिन्यातून दोनदा कोर्टाच्या आवारात भेट. बाप केळं अन् फरसाण घेऊन येतो. पोरगं आधी बहिणीच्या पदराआड लपायचं, आता धावत जातं. मला ते पाहवत नाही, खरं सांगतो, पण पाहतो.

काल पानठेल्यावर गेलो तर नवीन निकाल : पोरगी असली तर पाच नाही, सात वर्षं. हे कुठं लिहिलंय विचारलं, तर बेट्यानं पन्नी चोळता चोळता वरही न पाहता सांगितलं, "व्हॉट्सॲपवर आलं होतं." पलीकडच्या गल्लीतल्या एका भावानं, ज्याची बहीण मागच्याच महिन्यात पोरगी घेऊन घरी आली आहे, मुकाट मान डोलावली.